पाहुणे गेल्यावर मागे काय उरतं? पुनरुज्जीवक पर्यटन उभारण्याचा क्रमवार मार्ग

एखाद्या ठिकाणचं पर्यटन चाललं की नाही, हे सहसा तीन आकड्यांवरून ठरतं: किती माणसं आली, किती खोल्या भरल्या, किती उलाढाल झाली. या तिन्हींत तिथली विहीर नसते, जंगल नसतं, आणि तिथे जन्मलेल्या मुलाला मोठेपणी तिथेच घर करणं परवडेल का, हेही नसतं. पुनरुज्जीवक पर्यटन, ज्याला हल्ली रीजनरेटिव्ह टुरिझम म्हटलं जातं, ते हा हिशेबच बदलायला सांगतं. शाश्वत पर्यटनाचा भर नुकसान टाळण्यावर असतो. इथे त्याच्या पुढे जाऊन विचारायचं असतं, की पाहुणे येऊन गेल्यामुळे पाणी, माती, प्रवाळ, रोजगार आणि स्थानिकांचा आपल्या जागेवरचा हक्क यांपैकी काय आधीपेक्षा सुधारलं.

हा लेख गावातल्या गटांसाठी, त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्थांसाठी आणि मनापासून काही करू पाहणाऱ्या छोट्या व्यावसायिकांसाठी आहे. माझा सगळा भर क्रमावर आहे. बहुतेक प्रकल्प बांधकाम आणि जाहिरात यांपासून सुरू होतात. गाव आणि निसर्ग यांचा विचार मागाहून चिकटवला जातो. तोवर कर्ज डोक्यावर बसलेलं असतं, आणि कर्ज काढून बांधलेल्या खोल्या भराव्याच लागतात. मग टंचाई असो की पक्ष्यांच्या विणीचा हंगाम, ‘सध्या येऊ नका’ म्हणायची ताकद कोणातच उरत नाही. म्हणून आधी संमती, मग अभ्यास, मग मर्यादा, मग पैसा आणि जमीन यांचा बंदोबस्त, आणि सगळ्यात शेवटी खोल्या.

१. पर्यटन हवंय का, हे आधी विचारा

पहिल्या बैठकीचा विषय ‘पर्यटन कसं करायचं’ हा नसावा, ‘करायचं का’ हा असावा. आणि एका मोठ्या सभेवर भागवू नका. भरसभेत ज्यांची जमीन रस्त्याला लागून आहे, ज्यांचं दुकान आहे, ज्यांना बोलायची सवय आहे, तेच बोलतात. बायकांशी, मच्छीमारांशी किंवा गुराख्यांशी, भूमिहीनांशी, भाड्याने राहणाऱ्यांशी आणि विशी-पंचविशीतल्या मुलामुलींशी वेगवेगळं बसावं लागतं, त्यांच्या वेळेला आणि त्यांच्या जागी. बाहेरचा गुंतवणूकदार या फेरीत नसलेलाच बरा.

प्रत्येक गटाला साधे प्रश्न विचारा. इथलं काय अजिबात बदलू नये असं वाटतं? बाहेरच्या माणसाने कुठे पाऊल टाकू नये? पाहुणे आले तर तुमच्या रोजच्या कामात कुठे अडथळा येईल? या उत्तरांतून ‘बंद जागां’ची यादी तयार होते: पाणवठा, पूजेची किंवा दफनाची जागा, घरट्यांचा कडा, बायकांची सरपणाची वाट. ही यादी गावाकडे राहू द्या. पर्यटकांना द्यायच्या नकाशात या जागा दाखवायच्याच नाहीत. तिथे फुली मारून ‘प्रवेश नाही’ लिहिलं, की उत्सुक लोक नेमके तिथेच जातात.

सभेत कोणी काही बोललं नाही याचा अर्थ सगळ्यांचा होकार आहे असा होत नाही. होकार असेल तर तो लेखी, लोकांच्या भाषेत, अटींसह आणि फेरविचाराची तारीख घालून घ्या. नकार आला तर काम तिथेच थांबवा. तोवर झालेला खर्च हा नकार मोडून काढण्याचं कारण होऊ शकत नाही.

२. जागेचा वर्षभर अभ्यास करा

इथे घाई नडते. हंगामात आठवडाभर येऊन गेलेल्या सल्लागाराला जागा जशी दिसते, तशी ती वर्षातले बाकीचे महिने नसते. बारा महिन्यांच्या बारा चौकटींची एक दिनदर्शिका काढा आणि त्यात पेरणी-काढणी, माशांच्या विणीचा काळ, पक्ष्यांची घरटी, पाण्याची टंचाई, सण, मुलांच्या परीक्षा, वाट निसरडी होण्याचे दिवस असं सगळं भरा. ज्या महिन्यांत निसर्गावर किंवा माणसांवर ताण आहे, ते महिने तिथेच लाल करून ठेवा.

मग मोजमाप सुरू करा. महागडी साधनं लागत नाहीत. विहिरीची पातळी गाठी मारलेल्या दोरीने, दर आठवड्याला ठरलेल्या वारी, सकाळचा उपसा सुरू व्हायच्या आधी मोजा. एकाच जागेवरून, एकाच दिशेने, एकाच महिन्यात दरवर्षी फोटो काढा. ठरलेल्या वाटेवरून ठरलेल्या वेळी चालत दिसणारे आणि ऐकू येणारे पक्षी नोंदवा. कचरा एक आठवडा तोलून पाहा. आज काय आहे हे लिहून ठेवलं नसेल, तर पाच वर्षांनी ‘सुधारणा झाली’ हे वाक्य निव्वळ जाहिरात ठरेल.

पाण्याचा हिशेब सविस्तर मांडून दाखवतो, कारण माझ्या मते सगळ्या आराखड्यात यापेक्षा महत्त्वाचं पान दुसरं नाही. समजा, गाव एका झऱ्यावर अवलंबून आहे. वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यात झऱ्याखाली दहा लिटरची बादली धरली आणि ती भरायला ४० सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला १५ लिटर. रात्रीचं पाणीही टाकीत साठवलं तर दिवसाला २१,६०० लिटर. गावात २५० माणसं असतील आणि माणशी रोज ५५ लिटर धरले, तर १३,७५० लिटर तिथेच गेले. जनावरांना ३,००० लिटर. एकूण पाण्याचा पाचवा हिस्सा, म्हणजे ४,३२० लिटर, खालच्या ओढ्यासाठी आणि रानातल्या प्राण्यांसाठी वाहता ठेवला. उरले ५३० लिटर. अंघोळ, स्वयंपाक, चादरींची धुलाई धरून एका पाहुण्याला रोज १५० लिटर लागत असतील, तर त्या महिन्यात तीन पाहुण्यांपुरतं पाणी आहे. तिघांसाठी कोणी यंत्रणा चालवत नाही, तेव्हा तो महिना बंद.

तोच झरा पावसाळ्यानंतर दहा सेकंदांत बादली भरत असेल, तर दिवसाला ८६,४०० लिटर मिळतात आणि पाण्याची अडचण उरत नाही. तेव्हा दुसरंच काही आडवं येतं: शोषखड्ड्याची क्षमता, अरुंद पायवाट किंवा घरटी धरलेले पक्षी. म्हणून मर्यादा महिन्यागणिक काढायची असते. वर्षाची सरासरी काढली की नेमका टंचाईचा महिना तिच्यात बुडून जातो.

३. दुरुस्त काय करायचं, ते एका वाक्यात लिहा

‘जंगल वाचवणं’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. ‘वरच्या उतारावरची धूप थांबवून ओढ्याचा प्रवाह कोरड्या ऋतूत आणखी एक महिना टिकवणं’ हे उद्दिष्ट आहे, कारण त्यात जागा आहे, कारण आहे आणि मोजायची खूण आहे. सुरुवातीला एकच उद्दिष्ट घ्या. ते गावाला आधीपासून बोचत असलेलं हवं. पाहुण्यांना फोटोत छान दिसणारं म्हणून निवडलेलं नको.

मेक्सिकोत कॅलिफोर्नियाच्या आखातात काबो पुल्मो नावाची छोटी वस्ती आहे. तिथले लोक मासेमारी करत, आणि प्रवाळभित्तीवरचे मासे संपत चालले होते. वस्तीतल्या कुटुंबांनीच पुढाकार घेतला आणि १९९५ मध्ये तो भाग राष्ट्रीय उद्यान झाला. मासेमारी थांबली, आणि नियम पाळले जातात की नाही यावर वस्तीनेच नजर ठेवली. पुढे शास्त्रज्ञांनी केलेल्या मोजणीत १९९९ ते २००९ या दशकात तिथल्या माशांचं एकूण वजन ४६३ टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. आज ती कुटुंबं डायव्हिंगवर आणि येणाऱ्या पाहुण्यांवर जगतात. यातला क्रम पाहा: आधी समुद्राला विसावा, मग मासे, मग पाहुणे. मधली कमी मिळकतीची वर्षं या लोकांना सोसावी लागली, आणि नव्या आराखड्यात याच वर्षांसाठी पैशाची तजवीज आधी करायला हवी. कुटुंब उपाशी ठेवून निसर्ग सावरा, असं कुणाला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही.

वृक्षारोपणाबद्दल एक इशारा. नैसर्गिक गवताळ माळावर झाडं लावणं म्हणजे तिथे जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं आणि चरणाऱ्या प्राण्यांचं घर मोडणं. काय लावायचं, कुठे लावायचं आणि कुठे काहीच लावायचं नाही, हे ती परिसंस्था जाणणाऱ्याला विचारूनच ठरवा. अनेकदा निव्वळ चराईबंदी किंवा उपद्रवी परकी झुडपं उपटून काढणं हे रोप लावण्यापेक्षा जास्त उपयोगी असतं, भले त्याचा फोटो देखणा येत नसेल.

४. मर्यादा आधी जाहीर करा

‘किती माणसं चालतील’ या प्रश्नासोबत आणखी एक प्रश्न विचारावा लागतो: किती बदल आपण चालवून घेऊ? अमेरिकेच्या वनसेवेतल्या संशोधकांनी १९८५ मध्ये याच विचारावर एक पद्धत मांडली. पायवाट किती रुंद झालेली चालेल, किनाऱ्यावर किती दिवे चालतील, वाटेवर तासाभरात किती अनोळखी माणसं भेटलेली चालतील, हे आधी ठरवायचं आणि ती रेषा जवळ येताच हात आखडायचा. पाण्यासारख्या गोष्टींना आकडा लावा, बाकीच्यांना ही पद्धत. जो आकडा सगळ्यात लहान येईल, तोच खरा.

थायलंडच्या माया बे या छोट्याशा उपसागरात दिवसाला पाच हजारांच्या आसपास माणसं येऊ लागली होती. नौकांचे नांगर आणि गर्दी यांनी प्रवाळाची धूळधाण झाली. जून २०१८ मध्ये तो बंद करावा लागला आणि जानेवारी २०२२ मध्ये कडक अटींवर उघडला. मधल्या काळात प्रवाळांची पुनर्लागवड झाली आणि काळ्या टोकांच्या परांचे शार्क उथळ पाण्यात परतले. आता नौका मागच्या बाजूला लागतात, उपसागरात येत नाहीत, आणि वर्षातले दोन महिने जागेला विश्रांती असते. फिलिपिन्सचं बोराकाय बेट २०१८ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर असं सहा महिने बंद ठेवावं लागलं. सांडपाणी थेट समुद्रात जात होतं. त्या सहा महिन्यांत सर्वाधिक झळ बसली ती तिथल्या रोजंदारीच्या कामगारांना. मर्यादा आधी घालणं कुणाला कठोर वाटत असेल, तर त्याने हा दुसरा पर्याय डोळ्यांसमोर आणावा.

मर्यादा मुक्कामी पाहुण्यांपुरती ठेवू नका. सकाळी गाड्या भरून येणारे आणि संध्याकाळी परतणारे लोक कचरा आणि कोंडी देतात, खर्च मात्र फारसा करत नाहीत. त्यांची संख्याही बांधा, किंवा वाहनं बाहेरच थांबवा.

५. पैशाची वाट काढून बघा

एका पाहुण्याने दिलेल्या रकमेचे शंभर भाग करा आणि प्रत्येक भाग कुठे जातो ते कागदावर लिहा. बुकिंग करणाऱ्या संकेतस्थळाचं कमिशन, बाहेरच्या वाहतूकदाराचं भाडं, शहरातून आणलेला किराणा, बाहेरच्या मालकाचा नफा, कर्जाचं व्याज. हे वजा करून गावात किती भाग राहतात? ते किती घरांत वाटले जातात? हा कागद सभेत सगळ्यांसमोर ठेवल्यावर पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप स्पष्ट होतात. भाजी, दूध, दुरुस्ती, धुलाई, वाहतूक यांतलं काय गावातच उभं राहू शकतं, याची यादी तिथेच करता येते.

कॅनडात न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ फोगो बेट आहे. १९९२ मध्ये कॉड माशाच्या व्यापारी मासेमारीवर बंदी आली आणि बेटाचा आधारच गेला. तिथे २०१३ मध्ये २९ खोल्यांची फोगो आयलंड इन सुरू झाली. तिची मालकी शोअरफास्ट या धर्मादाय संस्थेकडे आहे आणि शिल्लक बेटाच्या कामासाठी वापरली जाते. गोधड्या आणि फर्निचर बेटावरच्या हातांनी बनतं. पाहुण्याने दिलेले पैसे कशावर आणि कोणत्या भागात खर्च होतात, हे ती संस्था खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर पोषणमूल्यं छापावीत तसं एका तक्त्यात जाहीर करते. हा तक्ता कोणताही लहान होमस्टेही भिंतीवर लावू शकतो.

गावाचा सामुदायिक निधी ठरवताना एक गोष्ट पक्की धरा: हिस्सा उलाढालीवर घ्या, नफ्यावर नको. नफा हिशेबाच्या वहीत हवा तेवढा लहान करता येतो; पगार, भाडं, ‘व्यवस्थापन शुल्क’ अशा वाटांनी तो गावात पोहोचण्याआधीच संपतो. दर मुक्कामामागे ठरलेली रक्कम, महिन्याच्या महिन्याला, थेट निधीच्या खात्यात. खात्यावर किमान तीन सह्या, त्यांतली एक बाईची, आणि दर तिमाहीला हिशेब फळ्यावर. रवांडात गोरिला पाहण्याचा परवाना २०१७ मध्ये ७५० वरून १,५०० डॉलर झाला, तेव्हाच उद्यानांच्या उत्पन्नातला शेजारच्या वस्त्यांचा वाटाही पाच टक्क्यांवरून दहा टक्के केला गेला. दर आणि वाटा एकाच निर्णयात बांधण्याची ही पद्धत घेण्याजोगी आहे. दर वाढतो आणि वाटा तसाच राहतो, तेव्हा गावाच्या मनात अढी बसते.

होमस्टे असतील तर पाहुणे पाळीपाळीने द्या. नाहीतर रस्त्यालगतची किंवा इंग्रजी बोलणारी तीन घरं सगळं घेऊन जातात. ज्यांच्याकडे पाहुण्याला द्यायला खोली नाही त्यांच्यासाठी वाटाड्या, पहारा, रोपवाटिका, वाटांची दुरुस्ती अशी पगारी कामं राखून ठेवा.

नुसता दर चढा ठेवला म्हणजे झालं, असं मात्र समजू नका. भूतानने सप्टेंबर २०२२ मध्ये रोजचं शाश्वत विकास शुल्क २०० डॉलर केलं आणि वर्षभरात, पाहुणे परत यावेत म्हणून, ते १०० वर आणलं. दर हे एक हत्यार आहे. ते कुणाच्या हातात आहे आणि जमा झालेली रक्कम कुठे जाते, यावर सगळं अवलंबून असतं.

६. जमीन हातची जाऊ देऊ नका

ठिकाण नावारूपाला आलं की जमिनीचे भाव चढतात, आणि पहिला सौदा नेहमी सगळ्यात गरजू कुटुंब करतं. त्यांना दोष देता येत नाही. म्हणून पर्यटन सुरू होण्याआधीच गावाने ठरवावं: विक्री नको, मुदतीचा भाडेपट्टा, विकायचीच वेळ आली तर पहिला हक्क गावाच्या न्यासाचा किंवा सहकारी संस्थेचा, आजारपण-लग्नासाठी निधीतून कर्जाची सोय, म्हणजे अडचणीपोटी जमीन विकावी लागणार नाही. राहती घरं पर्यटकांना भाड्याने देण्यावरही मर्यादा घाला, नाहीतर शाळेतल्या शिक्षिकेला गावात खोली मिळेनाशी होते. याला कायद्याचा आधार हवा, तेव्हा इथे वकिलाचे पैसे वाचवू नका.

७. पाहुण्यांचे दिवस आखताना

कमी माणसं, जास्त मुक्काम. एका पाहुण्याने पाच दिवस राहणं हे पाच पाहुण्यांनी एकेक दिवस येण्यापेक्षा गावाला सोपं जातं: चादरी कमी धुवाव्या लागतात, गाड्या कमी येतात, ओळख होते. दोन-तीन रात्रींखाली बुकिंग न घेण्याचा नियम करून पाहा.

पाहुण्यांकडून काम करून घ्यायचं असेल तर ते खरं हवं. उत्तर अटलांटिक महासागरातल्या फेरो बेटांनी एप्रिल २०१९ मध्ये एका शनिवार-रविवारी मुख्य स्थळं पर्यटकांना बंद ठेवली आणि शंभर स्वयंसेवकांना घेऊन पायवाटा, पायऱ्या, पाट्या यांची दुरुस्ती केली. कामाची यादी स्थानिकांनी केली होती आणि देखरेखही त्यांचीच होती. कसोटी सोपी आहे. पाहुणा आला नसता तर हे काम गावाने केलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल तर काम खरं. दुसरा प्रश्न: यामुळे गावातल्या कुणाची मजुरी जाते का? जात असेल तर ते काम पाहुण्याला देऊ नका. चार दिवस येऊन मुलांशी लळा लावून निघून जाण्याचे कार्यक्रम तर पूर्णपणे टाळा. अनाथाश्रम आणि शाळा ही प्रेक्षणीय स्थळं नव्हेत.

नाच, गाणी, विधी यांतलं काय दाखवायचं हे ज्यांचं ते आहे त्यांनी ठरवावं, आणि ‘आज नाही’ म्हटल्यावर तो विषय संपावा. पाहुण्याला नियम पोहोचल्यावर सांगण्यापेक्षा बुकिंगच्या वेळीच सांगा: पाणी किती, विजेची वेळ काय, फोटो कुठे नको, कचरा परत न्यायचा. पलाऊ या बेटदेशात डिसेंबर २०१७ पासून येणाऱ्या प्रत्येकाच्या पासपोर्टवर तिथल्या मुलांना उद्देशून एक प्रतिज्ञा उमटवली जाते आणि पाहुणा तिच्यावर सही करतो. प्रवाळांना घातक रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर त्या देशाने २०२० पासून बंदीही घातली. प्रतिज्ञा आणि कायदा, दोन्ही सोबत हवेत.

८. बांधकाम

शक्यतो नवं बांधू नका. रिकामी घरं दुरुस्त करा. सांडपाण्याची सोय झाल्याशिवाय एकही खोली उघडू नका. झांझिबारजवळच्या चुंबे बेटावर निवाऱ्यांच्या छपरांवरून पावसाचं पाणी साठवतात, शौचालयं खत करणारी आहेत आणि न्हाणीघराचं पाणी वनस्पतींच्या वाफ्यांतून गाळलं जातं. प्रत्येक ठिकाणी हेच जमेल असं नाही. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, हे बोट ठेवून दाखवता यावं एवढं तरी हवं. रात्रीचे दिवे मंद, पिवळसर आणि जमिनीकडे तोंड केलेले ठेवा. कासवांचा किनारा असेल तर विणीच्या काळात समुद्राकडे एकही दिवा नको, कारण पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात.

९. नियम कोण राखणार आणि रेषा ओलांडली तर काय

सामायिक जंगल, पाणी, कुरण लोक स्वतः कसं टिकवतात, याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९० मध्ये त्यांनी मांडलेल्या तत्त्वांतली दोन इथे फार कामाची आहेत: पहारा देणारे लोकांना जबाबदार असावेत, आणि शिक्षा पायरीपायरीने वाढावी. पहिल्या चुकीला समज, दुसऱ्यांदा दंड, तिसऱ्यांदा त्या हंगामाची पाळी बंद. हे गाववाल्या घरमालकाला, बाहेरच्या टूर कंपनीला आणि सरपंचाच्या भावाला सारखंच लागू व्हायला हवं. पहिला अपवाद केलात की नियम संपला.

मोजायच्या खुणा पाच-सहाच ठेवा, पण प्रत्येकीपुढे ‘इतकं झालं तर हे करायचं’ असं आधीच लिहा. विहिरीची पातळी ठरल्या गाठीच्या खाली गेली तर दुसऱ्या दिवसापासून नवं बुकिंग बंद. ठरलेल्या कड्यावरची घरटी सलग दोन वर्षं घटली तर ती वाट एक वर्ष विश्रांतीला. निधीतला वाटा दोन महिने थकला तर त्या घराची पाळी थांबेल. आणीबाणीत बसून निर्णय घ्यायचा म्हटलं की हंगामाच्या कमाईचा मोह आड येतो. आधी लिहिलेला निर्णय फक्त अमलात आणायचा असतो.

माणसांच्या मनाचीही नोंद ठेवा. पर्यटनाचे अभ्यासक जॉर्ज डॉक्सी यांनी १९७५ मध्ये स्थानिकांच्या भावनांच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: उत्साह, बेफिकिरी, चीड आणि उघड विरोध. दरवर्षी तेच तीन-चार प्रश्न घरोघरी विचारा, उत्तरं नाव न लिहिता घ्या. ‘गेल्या वर्षी पाहुण्यांमुळे तुम्ही एखादी वाट, जागा किंवा सवय सोडलीत का?’ हा प्रश्न ‘तुम्ही समाधानी आहात का?’ यापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो.

१०. सगळा भार पर्यटनावर टाकू नका

नामिबियात १९९६ च्या कायद्याने सामुदायिक जमिनीवरच्या लोकांना वन्यजीवांपासून मिळणाऱ्या उत्पन्नाचा हक्क दिला. १९९८ पासून तिथे कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे आपल्या भागातले वन्यजीव स्वतः सांभाळणाऱ्या गावांच्या संस्था, उभ्या राहिल्या, आणि स्थानिक वनरक्षकांचे पगार बऱ्याच अंशी पर्यटन आणि शिकारीच्या परवान्यांतून येऊ लागले. २०२० मध्ये कोविडने प्रवास थांबवला तेव्हा हेच पगार धोक्यात आले आणि तातडीची मदत गोळा करावी लागली. इतकी चांगली रचनाही एकाच पायावर उभी राहिली की डळमळते. माझा आग्रह आहे की कोणत्याही घराचं एक तृतीयांशाहून जास्त उत्पन्न पाहुण्यांवर अवलंबून नसावं, आणि पहारा-दुरुस्तीचा किमान एका वर्षाचा खर्च निधीत बाजूला असावा. शेती, मासेमारी, हस्तकला चालू राहिल्या तर पाहुण्यालाही काही पाहण्यासारखं उरतं.

प्रवासातल्या कार्बनचाही हिशेब इथेच येतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या माणसाने लावलेलं रोप त्या उड्डाणाची भरपाई करत नाही, आणि तसा दावा करू नये. जाहिरात आधी जवळच्या, रेल्वे-बसने येऊ शकणाऱ्या लोकांपर्यंत पोहोचवा. दुरून येणाऱ्यांना लांबचा मुक्काम सुचवा.

११. सुरुवात लहान, करार पक्का

पहिल्या हंगामात ठरलेल्या मर्यादेच्या निम्मेच पाहुणे घ्या. हंगाम संपल्यावर दोन महिने पूर्ण बंद ठेवून नोंदी वाचा, हिशेब लावा, भांडणं मिटवा. मगच पुढचं.

बाहेरची कंपनी किंवा संस्था सोबत असेल तर करारात शेवट कसा होणार हे पहिल्याच पानावर हवं. मुदत किती वर्षांची आहे. मुदत संपल्यावर इमारती कुणाच्या. ठिकाणाचं नाव, संकेतस्थळ आणि पाहुण्यांची यादी कुणाकडे राहणार, कारण नाव कंपनीकडे राहिलं तर गावाला सगळं शून्यातून उभं करावं लागतं. गावाने वर्षाच्या सभेत पाहुणे कमी करायचं किंवा थांबायचं ठरवलं तर दंड लागणार नाही, हे स्पष्ट शब्दांत. आणि कंपनीने मध्येच सोडलं तर खोल्या, शोषखड्डे, तारा, प्लॅस्टिकच्या टाक्या कुणी काढायच्या आणि त्याचा खर्च कुठल्या ठेवीतून करायचा, तेही. ही ठेव पहिला पाहुणा येण्याआधी बँकेत जमा झालेली असावी, आणि तिच्या पावतीची प्रत गावाच्या कपाटात.